'शक्यतो' कुणी घातलं?

शाहिस्ता तांबोळीच्या टेबलावर कागद परत आला तेव्हा तिच्या एका वाक्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारलेली होती. तिने लिहिलं होतं, 'सेन्सर बंद करून प्रेस चालवण्यास सक्त मनाई आहे.' रेघेच्या वर कुलथे साहेबांच्या तिरक्या अक्षरात होतं, 'शक्यतो सेन्सर बंद करू नये.' खाली त्यांची सही आणि तारीख.

ही २००३ सालची गोष्ट. शाहिस्ता दौंडची. वडील गनीभाई रेल्वेच्या यार्डात शंटिंगला होते. कॉलेजात असताना तिच्या डोक्यात जपानीचं खूळ शिरलं आणि चार वर्षं शटलने पुण्याला जाऊन-येऊन ती शिकली. "दौंडात जपानी गिऱ्हाईक कवा यायचं?" असं म्हणून कॉलनीतल्या लोकांनी हसून घेतलं. मग शिरूरजवळच्या एका कारखान्याने जपानहून पत्रा दाबून कापायचे पावर प्रेस आणले, त्यांना दुभाषी हवी होती, आणि हसणारे गप्प झाले. शिरूरला खोली घेऊन ती कामावर जाऊ लागली. पाच महिने झाले होते.

कागद घेऊन ती कुलथेंच्या केबिनमध्ये गेली. प्रॉडक्शन सगळं त्यांच्याकडे होतं.

"सर, प्रेसवरच्या मूळ जपानी पाटीवर 'किंझुरु' आहे. जपानीत नको म्हणायच्या पायऱ्या असतात. 'नाइदे कुदासाई' म्हणजे कृपया करू नका. 'ते वा नारानाई' म्हणजे करता कामा नये. 'किंझुरु' त्याच्याही वर. मनाईचा हुकूमच तो. 'शक्यतो' हा शब्द मुळात कुठेच नाही."

कुलथे फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, ऑर्डर वाढली की सेन्सर कधीमधी बायपास करावाच लागतो. सक्त मनाई लिहून ठेवली, तर उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर त्याच पाटीवर बोट ठेवणार. तुम्ही भाषेचं बघा, प्रॉडक्शनचं मी बघतो."

शाहिस्ता चोवीस वर्षांची होती. ती "बरं सर" म्हणाली. पाटी रंगून आली, तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अनुवाद: शा. तांबोळी' होतं. त्या ओळीसाठी तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

रविवारी घरी गेली तेव्हा वडलांना सांगितलं. गनीभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आगं, लाल झेंडी दाखवली म्हंजी गाडी थांबायचीच. शक्यतो थांबा, आसं कुनी म्हनतं व्हय?"

ती चिडून म्हणाली, "मला कळत नाही का ते?"

"कळतंय, तर मग नाव कशाला दिलंस?"

पुढच्या फेब्रुवारीत व्हायचं ते झालं. तळेगाव ढमढेऱ्याचा ज्ञानू, ठेकेदाराकडून आलेला तेवीस वर्षांचा ऑपरेटर, सकाळच्या पाळीत प्रेसवर होता. हात आत गेला की सेन्सर मशीन थांबवतो, आणि मशीन थांबलं की माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझरने चावी फिरवून सेन्सर बायपास केला होता. कुलथेंचा तसा निरोपच होता. ज्ञानूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आठवड्याने शाहिस्ता त्याला बघायला तळेगावला गेली. ज्ञानू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या आईने, सोजराबाईने, पाणी दिलं आणि समोरच बसली.

"पाटी लिवनाऱ्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"माजा ज्ञानू धावीपतूर शिकलाय. पाटी वाचूनच कामाला लागला त्यो. मला येवढंच सांगा, शक्यतो म्हंजी काय? चालवायचं का न्हाई चालवायचं?"

शाहिस्ता हातातलं पाणी तसंच ठेवून उठली. एसटीत बसली तेव्हा तिची कानशिलं तापली होती. आधी स्वतःचाच राग आला, मग त्या लाल पेनाचा. शिरूरला उतरल्यावर ती खोलीवर गेली नाही. तडक कारखान्यात गेली आणि कपाटातून तो जुना कागद काढून पर्समध्ये ठेवला.

चौकशीला जपानहून, प्रेस बनवणाऱ्या कंपनीतून, हातानाका नावाचे वयस्क इंजिनिअर आले. प्रेसवरची मूळ पाटी त्यांनीच लिहिलेली. मीटिंगच्या खोलीत आठजण बसले होते. कुलथे घसा साफ करून म्हणाले, "दुर्दैवाने अनुवाद कच्चा झाला. मुलगी नवीन आहे, मूळ सूचनेचा जोर तिला कळला नाही. सांगा त्यांना."

हे सांगायचं होतं शाहिस्तालाच. खोलीत दोन्ही भाषा जाणणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि कुलथे त्याच हिशेबाने बोलले होते. ही पोरगी आपल्या तोंडाने आपल्यावरचा आरोप कशाला सांगेल, काहीतरी गोलगोल बोलेल, असं त्यांना वाटलं.

तिने शब्दन् शब्द सांगितला. 'मुलगी नवीन आहे' हेसुद्धा. मग म्हणाली, "इथपर्यंत कुलथेसान बोलले. आता मी माझं बोलते."

तिने पर्समधला कागद हातानाकांपुढे ठेवला आणि रेघेवरचं वाक्य जपानीत वाचून दाखवलं. 'शक्यतो'ला जपानीत 'नारुबेकु' म्हणतात.

"नारुबेकु?" हातानाकांनी विचारलं. पुन्हा विचारलं, "नारुबेकु?" त्यांची मान लाल झाली. "ती पाटी मी लिहिली आहे. तिच्यात नारुबेकु नाही."

"नाही. ते या सहीबरोबर आलं."

कुलथे खुर्चीतून अर्धे उठले. "काय सांगितलंस तू त्यांना?"

"तुमचं अक्षर दाखवलं," शाहिस्ता म्हणाली. "आणि माझ्याशी एकेरीवर यायचं नाही."

इथे न्याय झाला असं कुणाला वाटेल. पंधरा दिवसांनी हातानाकांचा अहवाल आला, मराठी करायला तिच्याचकडे. त्यात कुलथेंचं नावही नव्हतं. 'संवादातील त्रुटी' होती, आणि पुढे, 'कामगाराचा निष्काळजीपणा हेही एक कारण.' तिने तो कागद दोनदा टेबलावर आपटला. तरी भाषांतर केलं जसंच्या तसं, कारण दुसऱ्याच्या लिखाणात स्वतःचं घुसडायचं नाही, हे आता तिच्या अंगात भिनलं होतं.

मग तिने हातानाकांना वेगळं पत्र लिहिलं. त्या वर्षी ती जपानीच्या सगळ्यांत वरच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि व्याकरणात तिला एक जुनं, वजनदार रूप भेटलं होतं: 'आरुमाजिकि'. एखाद्या जागेवर बसलेल्या माणसाने जे करताच कामा नये, त्या जागेला जे बट्टा लावतं, त्याला हा शब्द. रोजच्या बोलण्यात तो कुणी वापरत नाही. ज्याला लागतो त्याला फार लागतो. तिने लिहिलं, 'सेन्सर बंद करायला लावणे आणि बोटे गेल्यावर दोष त्याच हाताला देणे, हे व्यवस्थापकाला आरुमाजिकि कृत्य आहे. ते समजूनही तोच दोष अहवालात उतरवणे चौकशी करणाऱ्यालाही आरुमाजिकि आहे.' पत्राला राजीनामा जोडला आणि सामान बांधून ती दौंडला आली.

महिन्याभराने हातानाकांचं चार ओळींचं उत्तर आलं. सुधारित अहवाल सोबत होता. निष्काळजीपणाचं वाक्य काढलेलं होतं. त्या कागदाच्या जोरावर ज्ञानूला कारखान्याने ठेकेदाराकडून काढून स्वतःच्या स्टोअरमध्ये कायम केलं. कुलथेंची बदली झाली, दुसऱ्या प्लांटला, तीही बढती देऊन.

बाजाराच्या दिवशी शाहिस्ता तळेगावला गेली. सोजराबाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. शाहिस्ता शेजारी उकिडवी बसली आणि अहवालातलं काय काढलं, ते समजावून सांगितलं.

"काढलं ते ब्येस झालं," सोजराबाई म्हणाली. "आन् त्या सायबाचं?"

"बढती मिळाली त्याला."

सोजराबाईने हातातली जुडी खाली टाकली. मग तिने तोंड सोडलं. त्याचा मुडदा बशिवला, त्याच्या तोंडात माती पडो, असं भर बाजारात, गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली तरी. शाहिस्ताने तिला आवरलं नाही. तिची धाप लागली तेव्हा उरलेल्या दोन शिव्या शाहिस्ताने स्वतः दिल्या.