क्वार्ट्झचा सेल आणि पाहुण्यांचे कप

वनस्पती तूप आणि करडईचं तेल गुणाने सारखंच, असं मी एकदा सहीनिशी लिहून दिलंय. खोबरेलालाही त्यांच्याच पंगतीत बसवलं होतं.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी नवीन होते. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. मला शिकवणाऱ्या बाई गिरगावातून येऊ शकल्या नाहीत. मी लालबागची, चालत पोचले. प्रकाश मोजणारं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, पहिल्यांदाच एकटीच्या ताब्यात! आधीचे सहा महिने बाटल्या विसळण्यात गेले होते, आणि हे काम जमलं नाही तर पुन्हा मोरीपाशी, असं बजावलेलं होतं.

काम असं: तेल अल्कलीत तापवायचं, स्पिरिटात विरघळवायचं आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश सोडायचा. बहुअसंपृक्त मेदाम्लं (करडईत भरपूर, वनस्पती तुपात आणि खोबरेलात नावाला) जितकी जास्त, तितका प्रकाश गिळला जातो, आणि काटा ते दाखवतो. द्रावण ठेवायला क्वार्ट्झचे, म्हणजे गारेच्या स्फटिकाचे, दोन इवलेसे चौकोनी सेल, भलतेच महागडे. एकात तुलनेसाठी नुसतं स्पिरिट, दुसऱ्यात तेल.

आता आमच्या घरी फुलाफुलांचे कप पाहुण्यांसाठी कपाटात आणि आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा पिणारे. दोन्ही सेल वापरले आणि दोन्ही फुटले तर? मी शहाणीने एक कापसात गुंडाळून खणात ठेवला आणि तेलासाठी तसाच दिसणारा साध्या काचेचा घेतला. काटा असा धावला म्हणता! ज्यात त्यात मेदाम्लंच मेदाम्लं.

संध्याकाळी आईला ऐटीत सांगितलं, तूप काय नि तेल काय, यंत्राला सगळं सारखंच. लाडू वळता वळता ती म्हणाली, "तुझ्या यंत्राला एकदा जेवायला बोलाव. चव कळते का बघू."

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा कागद वाचला आणि मी वापरलेल्या काचेच्या सेलमध्ये नुसतं स्पिरिट ओतलं. तेलाचा थेंब नाही, तरी काटा धावलाच. साधी काच अतिनील प्रकाश स्वतःच गिळते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

मी कपांची गोष्ट सांगितली आणि मोरीकडे वळले. बाई डोळे पुसत हसत होत्या.

"अगं, कुठे निघालीस? बस इथे, सगळं पहिल्यापासून कर. आणि त्या प्रकाशाला पाहुणा समज बाई, चांगला कप काढ!"