भिला पाटलांचा डाळिंबी

लोणखेड्याचे भिला पाटील विसाव्या वर्षी सुरतेला गेले आणि साडीछपाईच्या धंद्यात ट्रेसर झाले. साडीत जितके रंग, तितक्या पारदर्शक फिल्म. प्रत्येक फिल्मवर त्या एकाच रंगाची जागा बारीक ब्रशनं काळी भरायची, असं ते काम. एका काठाला कधी दोन दिवस लागत. बावीस वर्षं त्यांनी ते केलं. मग कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी शेतावर परतलं. पाटीलही परतले, पण डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून. माऊस हातात बसायला वर्ष गेलं. पुढे घराच्या ओसरीवर टेबल मांडून ते सुरतेच्या हीरालाल शेठना डिझाइन पाठवू लागले.

गेल्या दिवाळीनंतर शेठकडून पार्सल आलं. आत नमुन्याचा तुकडा होता. आता कापड फाईलवरून थेट मशीनवर छापलं जातं, तेव्हा फाईलमध्ये असेल तोच रंग उमटतो. पाटलांनी डाळिंबी काठ पाठवला होता. उमटला होता विटकरी. त्यांनी रंग सुधारून पुन्हा पाठवला. दुसरा तुकडा आला तो पहिल्यापेक्षाही उतरलेला.

शेठ फोनवर रागावले नाहीत. म्हणाले, "भिलाभाई, वय होतंच माणसाचं. एकदा डोळे दाखवून घ्या."

ते शब्द पाटलांना रागापेक्षा जास्त लागले. शहाद्याच्या डॉक्टरांनी दिवा टाकून डोळे तपासले, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले. "नंबर तोच आहे, काका. रंगही बरोबर ओळखता," ते म्हणाले. तरीही पाटलांनी चार दिवस कॉम्प्युटर लावला नाही. केळीच्या मळ्यात जाऊन बसायचे, उगाच पानं न्याहाळायचे.

पाचव्या दिवशी त्यांनी तीच फाईल उघडली. मुलगी रंजिता, बीएस्सी होऊन घरीच होती, चहा घेऊन मागे उभी राहिली.

"आबा, हाऊ डाळिंबी शे का?"

"मंग काय शे?"

"माले तं विटकरी दिसस."

"तुन्हा डोया बिघडनात. खाल बठ, मंग देख."

ती खाली बसली. मग उठून उभी राहिली. पुन्हा बसली. "आबा, बसल्यावर डाळिंबी, उभं राहिलं की विटकरी. तुम्ही जरा उठा बरं."

पाटील उठले. त्यांच्या डोळ्यांदेखत काठाचा रंग बदलला. ते हळूहळू बसले, तर डाळिंबी परत आला. मान थोडी डावीकडे केली, तर तिसराच. बराच वेळ ते तसेच उठबस करत राहिले, आणि रंजिताला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दोघं नवा मॉनिटर पाहायला शहाद्याला रिषभच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. रिषभनं फोनवरच सांगितलं होतं, सीपीयू बरोबर आणा, जुन्या कार्डावर मोठी स्क्रीन चालते का ते पाहू. त्यानं आधी खेळ खेळणाऱ्यांचा वाकडा मॉनिटर दाखवला, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलणारा.

"मन्हा काठ काय पळी जास का?" पाटील म्हणाले. "रंगाचं सांग."

मग रिषभनं दुसरं खोकं उघडलं. सत्तावीस इंची, फोर-के, म्हणजे आडवे तीन हजार आठशे चाळीस ठिपके आणि उभे दोन हजार एकशे साठ. "तुमच्या जुन्यावर एका इंचात पंच्याऐंशीच्या आसपास ठिपके होते, काका. इथे एकशे त्रेसष्ट. पॅनल आयपीएस, बाजूनं बघा, वरून बघा, रंग हलणार नाही. आणि हा कंपनीचा कागद, या नगाचे रंग मोजून दिलेत. एकशे सात कोटी रंग दाखवतो."

"इतले रंग कोणी मोजनात?" पाटलांनी विचारलं. त्यांनी खिशातून नमुन्याचा तुकडा काढला, दुकानातले निळसर दिवे बंद करायला लावले आणि तुकडा दारातल्या उजेडात धरला. रिषभनं सीपीयू जोडून तीच फाईल उघडली, तर स्क्रीनवर काठ विटकरीच होता, तुकड्यासारखाच. चूक त्यांच्या फाईलमध्ये होती, आणि आता ती त्यांना दिसत होती. त्यांचा चेहरा सैलावला. "हाऊच दे," ते म्हणाले.

घरी नवा मॉनिटर लावल्यावर एक दुखणं निघालं. जुन्या डिझाइनमध्ये कुठे तुटलेली रेघ, कुठे पाकळीबाहेर सांडलेला ठिपका. इतकी वर्षं काही दिसलंच नव्हतं. पाटलांनी शेठना फोन करून सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "कापडावर कुणाला दिसतंय?" तरी पाटलांनी तीन आठवडे बसून अजून छापल्या जाणाऱ्या डिझाइन नीट केल्या. डाळिंबीचा तिसरा तुकडा बरोबर आला. शेठनी एवढंच कळवलं, "पुढचं पाठवा."

आता ओसरीवर दोन खुर्च्या आहेत. जुन्या स्क्रीनसमोर जागा बदलली की रंग बदलायचा. या स्क्रीनवर दोघांना एकच दिसतो, म्हणून रंजिता शेजारी बसून काम शिकते. वाद रोजचे आहेत. ती आकड्यांनी रंग सांगते, ते भाजीफळांच्या नावांनी.

या महिन्यात ती स्वतःचा पहिला काठ करते आहे, केळफुलाच्या रंगाचा. रोज सकाळी शेतातून ताजं केळफूल आणून दोघं मॉनिटरशेजारी ठेवतात. सोललेली पाकळी दुपारपर्यंत काळवंडते, मग तो रंग जुळवता येत नाही. म्हणून उरलेला दिवस काठातल्या पानांच्या हिरव्यावर जातो.