बटण सोडायचं नाही

"छाडबेन ना! छाडबेन ना, बौदी!"

सोडू नका, वहिनी, सोडू नका. डमडम स्टेशनजवळच्या जिन्याखाली, कपाटाएवढ्या टपरीत बसून तो माणूस दिवसातून वीसदा तरी हे ओरडायचा. समोर कोणीतरी आपल्या हँग झालेल्या मोबाइलची दोन बटणं दाबून दातओठ खात उभं असायचं. हा स्टुलावर बसून शांतपणे मोजायचा, "एक, दुई, तीन..." त्याचं म्हणणं असं, की जगातली सगळी माणसं सातला बटण सोडतात आणि फोन मेला म्हणून रडतात. "फोन बीस पर उठता है. आदमी सात पर थक जाता है."

नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा मी इथे आले ती नाक मुरडतच. बौदी म्हणजे वहिनी हेसुद्धा मला याच टपरीवर कळलं. मी त्याला दादा म्हणायचे. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. रोज दिसणाऱ्या माणसांचं आपण असंच करतो, तुम्हीही करत असाल.

आधी तो हावड्याला कुठल्याशा कारखान्यात लेथवर होता. तो बंद पडल्यावर मोबाइलच्या दुरुस्तीत आला. थंडीची नुसती चाहूल लागली की कानटोपी चढवायचा, आणि त्या टोपीवर डोळ्याला लावायचं भिंग. ते भिंग खाली ओढलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. स्वतःकडे बटणांचा जुना फोन. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ये हँग नहीं होता."

गेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "आगे चा खान." आधी चहा घ्या. शेजारी एक बाई मातीच्या भांड्यात चहा द्यायची. घाबरलेल्या माणसाच्या हातात फोनही घाबरतो, असं त्याचं शास्त्र होतं. फोन तो हातात घ्यायचाच नाही. बटणं तुम्हीच दाबायची आणि पडद्यावर जे येईल ते तुम्हीच मोठ्यानं वाचायचं. "पोडून, पोडून! की लेखा आछे?" वाचा, काय लिहिलंय?

एकदा एक रुबाबदार गृहस्थ चिडले. "मीच सगळं करायचं तर तू कशाला?" असं त्यांनी बंगालीत ठणकावलं. दादा म्हणाला, मोजायला. गृहस्थांनी बटणं दाबली, फोन उठला आणि पहिला निरोप त्यांनी आज्ञाधारकपणे खणखणीत आवाजात वाचला. बायकोनं लिहिलं होतं, तुमच्या आईला सांगा, मी काही तिची मोलकरीण नाही. टपरीवरच्या चार माणसांनी एकदम चहात तोंड घातलं. दादानं तेवढ्याच गंभीरपणे विचारलं, "आर की लेखा आछे?" आणखी काय लिहिलंय?

मी हसले होते. माझी पाळी यायची होती.

माझी आई वाईला असायची. तिला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून रोज सकाळी ती मला आवाजी निरोप पाठवायची. मेतकुटात काय किती घालायचं, दूधवाल्यानं कसं पाणी घातलं, शेजारच्या सूनबाईंनी काय दिवे लावले. निरोप संपला की बंद करायला विसरायची, मग पुढे दोन मिनिटं नुसत्या कुकरच्या शिट्ट्या आणि तिचं स्वतःशी पुटपुटणं. ती असताना मी अर्धे निरोप ऐकलेही नाहीत, कामात होते. गेल्या वर्षी चैत्रात ती गेली. मग मी एकेक ऐकायला लागले, रोज एक, संपू नयेत म्हणून पुरवून पुरवून. ते फक्त माझ्या फोनमध्ये होते.

आणि भाद्रपदात एका दुपारी फोन थिजला. आईचाच निरोप लावायला गेले, आणि पडदा दगडासारखा. बोटानं घासलं, हलवला, शेवटी देवापुढे ठेवला. नवरा म्हणाला, मोठ्या दुकानात जाऊ. एस्प्लनेडच्या एका चकचकीत दुकानात टाय लावलेल्या माणसानं फोन उलटसुलट केला आणि म्हणाला, "रीसेट करना पड़ेगा, मॅडम. सब उड़ जाएगा." इतक्या सहज म्हणाला, की मला त्याच्या टायला धरून ओढावंसं वाटलं. फोन हिसकावून मी तडक मेट्रोनं डमडमला आले.

दादानं माझा चेहरा पाहिला असेल असं मला तेव्हा वाटलं. म्हणाला, "आगे चा खान."

"चहा गेला खड्ड्यात," मी चक्क मराठीत ओरडले. मग हिंदीत सगळं सांगितलं. दुकानातला माणूस सगळं पुसायला सांगतो, यात माझी आई आहे.

तो म्हणाला, "कुछ नहीं मिटाएगा. दबाइए."

मी दाबलं. एक, दुई. सातला सोडावंसं वाटलं. "छाडबेन ना!" बाराला अंगठा बधिर झाला. अठराला मी डोळे मिटले. विसाला फोन हातात थरारला. उजेड आला.

"पोडून!"

पडद्यावर होतं, जागा शिल्लक नाही. "क्या रखा है इतना?" त्यानं विचारलं. मी उघडून पाहिलं आणि मान खाली घातली. देव होते. आमच्या नात्यागोत्याच्या सात ग्रुपांवर रोज सकाळी शुभ सकाळबरोबर गणपती येतो, सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी. चार वर्षांत मी एकही पुसला नव्हता. देवाच्या तसबिरीवर बोट ठेवून 'काढून टाका' कसं म्हणायचं? तुमच्याही फोनमध्ये असतील, हसू नका.

तो मात्र हसला, स्टूल हलेपर्यंत हसला. मग म्हणाला, "बौदी, आप लोग गणेश ठाकुर को पानी में देते हैं ना? हम भी दुर्गा माँ को देते हैं. रोते हैं, लेकिन देते हैं. घर में रख लेगा तो अगले साल कहाँ आएगी?" आणि पुढे अगदी हळू, "तस्वीर फिर आएगा. आवाज नहीं आएगा. आवाज रखिए."

मग त्या टपरीवर माझं विसर्जन सुरू झालं. फोन इतका मंद, की दाबा आणि बसून राहा. मूठभर गणपती गेले की मी पुटपुटायचे, पुढच्या वर्षी लवकर या. तो पलीकडून साथ द्यायचा, "आसछे बोछोर आबार होबे!" पुढच्या वर्षी पुन्हा होईल. चहावाली बाईही म्हणायला लागली. तोवर चहाही तीनदा झाला.

रात्र पडायच्या आत फोन मोकळा झाला. त्यानं आधी आईचे सगळे निरोप माझ्याच हातानं नवऱ्याच्या फोनवर पाठवायला लावले. मग मी एक लावला. "अगं, हिंग आधी घाल, मोहरी तडतडली की लगेच..." आणि कुकरची शिट्टी. मी तिथेच ढसाढसा रडले.

"मा की बोलछेन?" आई काय म्हणतात, त्यानं विचारलं. मी सांगितलं, हिंग आधी घाल म्हणते. "ठीक बोलछेन," तो गंभीरपणे म्हणाला. मग मला सावरायला वेळ मिळावा म्हणून असेल, फोनचा माइक तपासायचं निमित्त काढलं. मला रेकॉर्डिंग चालू करायला लावलं आणि माझ्या फोनवर तो स्वतःच बोलला, आठ सेकंद.

यंदा गौरी-गणपतीच्या आधी टपरी बंद दिसली. चहावाली म्हणाली, गावी गेला भावाकडे. डोळे गेले. आज नाही, केव्हापासून जात होते, गेली दोन वर्षं तर त्याला फोनवरचं अक्षर दिसतच नव्हतं.

मी तिथेच बाकावर बसले. पोडून, पोडून! की लेखा आछे? दबाइए, बौदी. आम्हाला वाटायचं, हा आम्हाला शिकवतोय. तो आमच्याच डोळ्यांनी वाचत होता, आमच्या हातांनी दुरुस्त करत होता. माझा चेहरा त्यानं पाहिलाच नव्हता, आवाजावरून ओळखलं असणार. आणि तरी त्यानं फसवलं असं मला घडीभरही वाटलं नाही. त्या चकचकीत दुकानातल्या माणसाला सगळं दिसत होतं, पण माझी आई मला यानं परत दिली. या माणसाचे उपकार मी कुठे जाऊन फेडू? त्याचा नंबरही माझ्याकडे नाही. रोज तिथेच तर असायचा.

अनंत चतुर्दशीला मी फोन घेऊन बसले, वर्षभराचे देव बोळवले. मग तो आठ सेकंदांचा आवाज लावला.

"एक, दुई, तीन, चार. बौदी, आवाज आ रहा है?"

"येतोय, दादा," मी मोठ्यानं म्हटलं. "स्वच्छ येतोय."