लिंबावर थांबलेली गाडी

गाडी माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून ठेवते.

नोकरी खालापूरजवळच्या कारखान्यात, स्टोअरला. घर कर्जतच्या बाजूला, गावात. रोजची शेअर टेंपोची ओढाताण संपावी म्हणून गाडी घेतली. त्याआधी क्लास लावून लायसन्स काढलं. नवऱ्याला चालवता येत नाही, धाकट्या दिराला येतं. घरात ठरलं होतं की दसऱ्याला पूजा करायची आणि दुसऱ्या दिवसापासून मी गाडी कामावर न्यायची.

आमच्याकडे नवी गाडी गावदेवीच्या चढावर नेतात. नारळ फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि न थांबता ती चिरडून वर जायचं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. चढाची लाल माती लोण्यासारखी झाली होती. अर्धं गाव बघायला उभं होतं.

मी गाडी पुढे काढली. पुढची चाकं गरकन फिरली आणि थांबली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन नुसतं गुणगुणत होतं, जोर म्हणून नाही. समोर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकत होतं. ते काय सांगतंय हे मला क्लासमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. एक लिंबू चाकाखालून अख्खंच बाहेर आलं आणि घरंगळत सासूबाईंच्या पायाशी गेलं.

"लिंबावर थांबली," त्या म्हणाल्या. "हिच्या हाताला यश नाय."

दीर हसत पुढे आला. "वैनी, उतरा. गाडी माणूस वळखते."

मी उतरले, साडी घोट्यापर्यंत चिखलात. तो बसला, वाकून डॅशबोर्डवरचं एक बटण जरा वेळ दाबून धरलं. चाकांनी चिखल उडवला, बराचसा माझ्यावर, आणि गाडी डुलत वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा माझ्या साडीकडे बघत होता.

घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढून वाचलं. त्या बटणाचं नाव ट्रॅक्शन कंट्रोल. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे गाडी मोजत असते. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त फिरलं की ते घसरतंय असं ती धरते, त्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कापते. ओल्या डांबरावर हे फार कामाचं, घाटात गाडी हातची जात नाही. पण चिखलात चाक थोडं फिरावंच लागतं, तेव्हाच ते माती फेकून खाली पकड शोधतं. तिथे जोर कापला की गाडी जागीच रुतते. अशा वेळी बटण दाबून ही व्यवस्था तेवढ्यापुरती बंद करायची असं स्पष्ट छापलं होतं.

पान नवऱ्यापुढे धरलं. तो म्हणाला, पुस्तकात काय वाटेल ते लिहितात, आईसमोर आता हा विषय नको. सासूबाईंनी किल्ली दिराकडे दिली होती. अपशकुन फिटेपर्यंत, असं म्हणाल्या.

वर्षभर मी टेंपोनेच गेले. शिळफाट्याला टेंपोसाठी उभी असताना कधी माझीच गाडी समोरून जायची. दीर दोनदा हॉर्न द्यायचा आणि थांबायचा नाही.

पुढच्या दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला. जेवणं झाल्यावर पाहुण्यांत गप्पा रंगल्या आणि दिराने आपणहून ती गोष्ट काढली. वैनी कशा घामाघूम झाल्या, चिखलात कशा उभ्या राहिल्या, सगळं करून दाखवलं. "आन् मी काय केलं? एक बटण दाबलं, बस. आदीच म्हाईत होतं मला. म्हटलं, बघू तर वैनींना जमतं का."

सगळे हसले. नवरा हसायचा सगळ्यात शेवटी थांबला.

मी ताटं उचलत होते. ती खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, ऐकलंत ना, गाडीत काही अपशकुन नव्हता. उद्यापासून किल्ली मला द्या.

त्यांनी पान लावता लावता माझ्याकडे पाहिलं.

"आता कशाला गं? त्याच्या हाताला बसलीय गाडी. तुला टेंपोची सवय हाय."

दिराने किल्ली खिशातून काढली, बोटावर फिरवली आणि परत खिशात टाकली. मी ताटं उचलली. सकाळचा टेंपो चुकवून चालत नाही.