पेट्रोलच्या वासावर उदबत्ती

गाडीत पेट्रोलचा वास येतो असं बायको पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा आम्ही काटोलला निघालो होतो. मी म्हणालो, "पेट्रोलवर चालते गाडी, मंग काय गुलाबाचा वास येईन काय वं?" आणि स्वतःच हसलो. माझ्या विनोदाला पहिला मीच हसतो, ही माझी जुनी खोड आहे. तिने मागची काच अर्धी खाली केली. एसी चालू असताना काच उघडली म्हणून मी तिला आणखी चार शब्द ऐकवले.

ती मागे बसते ते गुडघ्यामुळे. पाय दुमडून फार वेळ बसवत नाही, म्हणून दाराला उशी लावून ती मागच्या सीटवर पाय लांब करते. त्यामुळे सीटसमोरची, एरवी पाय ठेवायची जागा रिकामी राहायची. तिथे मी खताचं पोतं उभं करायचो, पलीकडच्या दाराला टेकवून. काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. जन्मभर नागपुरात कारकुनी केली, पण झाडांचं खतपाणी अजून मीच बघतो. घरची गाडी असताना पोत्यासाठी वेगळी गाडी कशाला सांगायची? आमच्याकडे अर्धं जग असंच करतं. लग्नाला निघालेल्या गाडीतही अहेराशेजारी युरिया असतो. पोत्याची शिवण थोडी उसवलेली असायची, दाणे सांडायचे. घरी आलो की मी मॅट काढून झटकायचो आणि आत सरळ पाण्याचा पाइप मारायचो. गाडी स्वच्छ ठेवण्यात माझा हात धरणारा गल्लीत कोणी नाही, असं मी मानत होतो.

पुढच्या फेरीलाही ती वासाचं बोलली. डोकं दुखतं म्हणाली. मी खापर उपवासावर फोडलं. लग्नापासून धरलेला सोमवार तिने माझ्या सांगण्यावरून सोडला. दोन आठवड्यांनी म्हणाली, "अजी, उपवास सोडला तरी डोकं दुखूनच राहिलं." मग उन्हावर खापर फोडलं. ऊन काही सोडता येत नव्हतं.

त्यानंतर मला एक उपाय सुचला. डॅशबोर्डवर गणपती होताच. म्हटलं, देवही राजी आणि वासही जाईल. दर फेरीला निघण्याआधी गाडीत बसायचं, काडी विझू नये म्हणून काचा बंद करायच्या, मोगऱ्याची उदबत्ती पेटवायची, गणपतीला ओवाळायची आणि डॅशबोर्डच्या फटीत खोचायची. मग मागे न बघताच विचारायचं, "आता येते का वास?" पहिल्या काही फेऱ्यांना ती "येते" म्हणाली. "तुह्या नाकालेच काही झालं असन," असं म्हणून मी गाडी काढायचो. पुढे ती काही बोलेनाशी झाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मे महिन्यात गाडी आचके द्यायला लागली. उड्डाणपुलाच्या चढावर तर श्वास कोंडल्यासारखी थांबायची. नागपूरच्या महाल भागात माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. बायकोला त्याच भागात बहिणीकडे जायचं होतं, म्हणून तीही सोबत होती. मिस्त्रीने तिला सावलीत स्टूल दिलं आणि गाडी जॅकवर चढवली.

"फिल्टर जाम असन काकाजी," असं म्हणून तो खाली शिरला. फिल्टर काढून त्याने डब्यात उपडा केला. आतून विटेच्या रंगाचं पाणी निघालं आणि तळाशी गाळ बसला. तो पुन्हा खाली गेला. काही वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग तो असा ओरडला की मी दचकून मागे सरलो. पण तो माझ्यावर ओरडला नव्हता. शेजारच्या दुकानात वेल्डिंग चालू होतं. "बंद कर बे! बंद कर पयले!"

ठिणग्या थांबल्या. मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाइपाचा वीतभर तुकडा होता. टाकीतून इंजिनकडे पेट्रोल नेणारी ही लोखंडी नळी. त्याने दोन बोटांत दाबली तर तिचा भुगा झाला. "ओढली नाही जी मी. नुसता हात लावला. कधीपासूनची झिरपून राहिली असन." त्याने मागचं दार उघडून मॅट उचलली. खाली पत्रा फुगला होता, मधोमध भोक पडलं होतं आणि कडेला पांढरे दाणे चिकटले होते. "मीठ सांडलं होतं काय?"

"खत," मी म्हणालो.

"आन वरून पाणी मारता." हे त्याने विचारलं नाही. वाहून गेलेलं खत त्या भोकातून खाली नळीवरच साचत होतं. दरवेळी गाडी धुऊन मीच ते तिथे पोचवलं होतं.

मग काही तरी घ्यायला म्हणून त्याने पुढचं दार उघडलं, आणि तो तसाच उभा राहिला. डॅशबोर्डवर राख होती, फटीत जळकी काडी होती, गणपतीच्या पायाशी काडेपेटी होती. त्याने ती उचलून माझ्यासमोर धरली. "इथीच पेटवता? काचा लावून?"

मी मान हलवली. मला आग दिसली नाही, मला मागची सीट दिसली. एका दाराला पोतं, दुसऱ्या दाराला उशी आणि मध्ये लांब केलेला तिचा पाय. ती गाडीतून एकटी उतरत नाही. मी दार उघडतो, हात देतो, मग एकेक पाय खाली येतो. तेवढा वेळ तिला कोणी दिला असता? मी पुढून उडी मारून सुटलोही असतो. हे मनात आलं आणि मी तिथेच पडलेल्या एका टायरवर बसलो.

मिस्त्री बायकोकडे वळला. "काकू, तुमाले वास नाही आला काय जी?"

"येत होता."

"मंग सांगितलं काहून नाही?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी घाईने म्हणालो, "सुरुवातीला म्हणत होती. मग वास थांबला."

"वास नाही थांबला," ती मिस्त्रीलाच म्हणाली. "मी सांगनं थांबवलं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. मिस्त्रीने टाकीपासून इंजिनपर्यंतची जुनी नळी काढून फेकली. नवी नळी जुन्या नळीच्या मापाने हळूहळू वाकवली, सांध्यांना नवे रबर आणि क्लिपा लावल्या, नवा फिल्टर त्यावरच्या बाणाची दिशा बघून बसवला. पत्र्याच्या भोकावर नवा तुकडा रिव्हेटच्या खिळ्यांनी बसवला. मी टॉर्च धरून वाकलो होतो. एरवी मी मिस्त्र्यांना फार शिकवतो, त्या दिवशी तो म्हणेल तिकडे फक्त उजेड फिरवला. बायको बहिणीकडे गेली नाही. ती स्टुलावरच बसून होती.

इंजिन चालू करून त्याने प्रत्येक सांध्यावर कोरडं फडकं फिरवलं. मग हात पुसत म्हणाला, "माह्या नाकाले पेट्रोलचा वास आता समजतच नाही. काकू, तुमीच बसून पाहा जी."

मी दार उघडलं, हात दिला. ती मागे बसली, पाय लांब केला. काचा बंद केल्या. मी बाहेर उभा राहून काचेतून तिचं तोंड बघत राहिलो. तिने डोळे मिटले होते. शेवटी मला राहवलं नाही, दार उघडलं.

"येते का वास?"

हा प्रश्न मी तिला कितीदा तरी विचारला होता. उत्तरासाठी थांबलो मात्र पहिल्यांदा.

"नाही येत," ती म्हणाली. मी हुश्श करून दार लावायला गेलो, तर तिने ते आतून धरलं.

"आन येते म्हटलं असतं तं?"