बाभळीची पाचर

तिसगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली तार काढायची आणि वेढे मोजून नवी भरायची, हे माझं काम. एका हंगामात एकाच शेतकऱ्याची मोटर तीनदा जळून आली. तिसऱ्यांदा दुकानात चार गिऱ्हाइकं असताना तो म्हणाला, "बाईनं भरलेली मोटर, टिकंल कशी?"

माझं डोकं फिरलं. तरी मी पुन्हा एकेक वेढा मोजला, वार्निश नीट वाळवलं. चूक काही सापडेना. मग मोटरीबरोबर मीच त्याच्या विहिरीवर जाऊन बसले. त्या दिवशी लाइट आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दुपारी लाइट आली, पण व्होल्टेज अगदीच कमी. अशा वेळी मोटर जळू नये म्हणून स्टार्टरनं ती आपोआप बंद करायला हवी. ही मात्र कण्हत कण्हत चालूच राहिली. मी मेन स्विच बंद करून स्टार्टरची पेटी उघडली. बटण कायम दाबलेलं राहावं म्हणून आत बाभळीची पाचर ठोकलेली होती.

"लाइट कवाबी येती ताई," तो म्हणाला. "दर टायमाला बटन दाबाया कोन येनार?"

पाचर मी काढून आणली. ती मोटर अजून चालते आहे. आता माझ्याकडे शेवगावहूनही मोटरी येतात. जळकी मोटर टेबलावर ठेवली की मी आधी विचारते, "स्टार्टरमध्ये पाचर मारलीय का?" निम्मी माणसं खाली बघतात. बाकीची विचारतात, "तुमाला कुनी सांगितलं?"