आपसूक मंदावलेला मॅग्नेट

बांद्याच्या बाजारात जुन्या हत्यारांतले मंदावलेले मॅग्नेट पुन्हा जोरात आणणारा एकच मेस्त्री आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, ट्रकची बॅटरी आणि एक झटका, एवढाच त्याचा कारखाना. पण झटक्याआधी उलटतपासणी होते. चष्मा कपाळावर चढवून तो डॉक्टरच्या सुरात विचारतो, “पडललो काय? तापयलंस? हातोड्यान हाणलंस?” या तिन्हींनी मॅग्नेटचा जोर जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळेच तिन्ही वेळा “नाय” म्हणतात. “मगे आपसूक मेलो!” म्हणत तो असा बघतो की गिऱ्हाईकाने मान खाली घालावी.

परवा मी माझा मंदावलेला, मोजमापाचं घड्याळ धरणारा मॅग्नेटचा स्टँड त्याच्या टेबलावर ठेवला, तेव्हा हा पाठमोरा बसून स्वतःचा मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर छिन्नीसारखा धरून त्यावर हातोडा घालत होता. मला बघून थांबला. टोकाला स्क्रू लावून पाहिला, तर तो टपकन खाली पडला.

“हातोड्यान हाणलंस?” मी विचारलं.

“छे! कोणीतरी मागान न्हेललो.” चष्मा कपाळावर गेला. “तूच न्हेललंस मां?”

माझा स्टँड अजून झटक्याविना त्याच्या टेबलावरच होता.

“होय,” मी म्हटलं, “माज्याच हातसून पडलो.”

त्या दुकानातला तो पहिला कबुलीजबाब.